कारल्याच्या वेलाचा सौदा

मला एका कॉलेजनं फसवलं. त्याच कॉलेजनं माझ्या मुलीला फसवलं. आणि माझ्या मुलीनं मला फसवलं. या तीन फसवणुकींपैकी शेवटची मी माफ केली, एवढंच नाही तर तिच्यासाठी गल्लीत पेढे वाटले. पहिल्या दोन मी माफ केलेल्या नाहीत, आणि करणारही नाही.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी कळवलं होतं, 'कापडाच्या धंद्यातले अनुभव लिहा, पण रागावून लिहू नका.' पहिलं जमेल. दुसऱ्याची गॅरंटी देत नाही.

आधी धंदा सांगतो, कारण तो कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी सुरतेत सेकंडचा माल घेतो. मागावरून कोरं कापड निघतं, ते रंगाला आणि छपाईला पलसाण्याच्या रस्त्यावरच्या मिलमध्ये जातं. तिथं सगळं कापड धड निघत नाही. कुठं छाप सरकतो, कुठं डाग पडतो, कुठं रंग अर्ध्यात बदलतो. असल्या मालावर मिल आपला शिक्का मारत नाही. तो ढिगानं विकते, आणि ढीग विकत घेणारा माणूस म्हणजे मी. घरी आणायचं, खराब भाग कापून टाकायचा, उरलेल्याचे ब्लाउजपीस, ओढण्या, झबली, उशांचे अभ्रे करायचे आणि नंदुरबार-धुळ्याकडच्या आठवडी बाजारांत बसणाऱ्या बायकांना द्यायचे. तुमच्या घरातली एखादी उशी माझ्या हाताखालून गेली असेल. नक्कीच गेली असेल.

या धंद्यात ढीग उघडून दाखवत नाहीत. वरचा एक ताका, म्हणजे कापडाची एक अख्खी घडी, बघायची आणि खालून एक ओढायची. बाकी सगळं नशीब. भाव तोंडी ठरतो. कागद नाही, सही नाही. 'दिला' म्हटलं की दिला. त्यानंतर टेम्पोत माल भिजला तरी तो माझा, आणि बाजार दुपटीनं चढला तरी मिलवाला शब्द फिरवत नाही. फिरवलाच, तर संध्याकाळपर्यंत रिंग रोडच्या सगळ्या कापडबाजाराला कळतं आणि दुसऱ्या दिवशी त्याला कुणी चहाही विचारत नाही. या तोंडी शब्दावर मी मागावर सुताच्या कांड्या भरणारा पोऱ्या होतो तिथून स्वतःच्या दुकानापर्यंत आलो.

दुसरा नियम त्याहून मोठा. घ्यायच्या मालाला आधी नावं ठेवायची. जितका माल आवडला, तितकी जास्त नावं. मला एक व्यापारी माहीत आहे, चांगला शिकलेला. ढीग बघून तो म्हणाला, "वा, काय रंग आहे!" त्या एका 'वा'ची किंमत त्यानं वर्षभर भरली. मी मात्र असा तोंड वाकडं करून ताका हातात घेतो की विकणाऱ्याला वाटावं, या माणसाला आता उलटी होणार.

एकदा तरीही फसलो होतो. शाळेच्या गणवेशाचं निळं कापड होतं, ढीगभर. खालचा ताका ओढला, वरचा बघितला, पक्का निळा. घरी आणून एक तुकडा बादलीत बुडवला तर जांभळा झाला. अख्खा ढीग जांभळा! बायको म्हणाली, "आते काय करशात?" दोन दिवस मी ढिगाभोवती नुसत्या फेऱ्या मारल्या. तिसऱ्या दिवशी सगळं कापड स्वतःच धुतलं, पक्कं जांभळं करून टाकलं आणि लग्नाच्या बँडवाल्याला विकलं. तो अजून येतो. "पाटील, तो रंग पुन्हा का नाही काढत?" म्हणतो. मी त्याला सांगतो, तो रंग काढायला फार मोठा कारागीर लागतो.

माझ्याकडून माल घेणाऱ्यांत नवापूरकडची एक म्हातारी आहे. तिला सगळे मावशी म्हणतात. ती ब्लाउजपीसचं टोक तोंडात घालते, चावते आणि मग पदरावर घासते. रंग उतरला तर पीस माझ्याच अंगावर फेकते. मी कुणाच्या बापाला भीत नाही, पण मावशीनं तुकडा तोंडात घातला की माझा श्वास थांबतो.

आता मुलीचं.

हर्षाली माझी एकुलती एक. आम्ही मूळ पारोळ्याकडचे, आता सुरतेत कोसाडला राहतो. घरात अहिराणी, शाळेत गुजराती, गल्लीत हिंदी, असं तिचं सगळं मिसळलेलं. लहानपणी तिला एक खोड होती. कुठल्याही पडद्याजवळ, चादरीजवळ गेली की बोटानं नक्षी मोजत बसायची. छापाचं चित्र एका जागी संपतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. त्या जागेला आम्ही सांधा म्हणतो. हिला तो सांधा शोधायचा नाद. पाहुण्यांकडे गेलं तरी ही बेडशीटवर ओणवी. "पप्पा, हितून परत सुरू झालं!"

बारावी झाल्यावर ती म्हणाली, "मला कापडावरच्या नक्षीचा कोर्स करायचा आहे. सुरतेतच आहे."

मी म्हणालो, "कापडात मी आहे तेवढा पुरे. तू कॉम्प्युटर कर."

"मला आवडत नाही."

"मला काय कांड्या भरायला आवडायचं? नोकरीचं बघायचं असतं."

मी असं का म्हणालो ते सांगतो. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका घरी बसून साड्यांना लेस लावतात, टिकल्या चिकटवतात. डोळे जातात, पाठी जातात. माझी पोर थंड काचेच्या ऑफिसात बसावी, गळ्यात ओळखपत्र असावं, कापड तिनं फक्त नेसावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. यात वाईट काय होतं? अजूनही मला ते वाईट वाटत नाही.

तर आम्ही कॉम्प्युटरचं कॉलेज बघायला गेलो. ॲडमिशनच्या खोलीत एक साहेब होते, टायवाले. त्यांना सगळे 'सर' म्हणत होते, मीही म्हणू लागलो. त्यांनी फी सांगितली. आणि माझं डोकं आपोआप धंद्यावर गेलं. मी कॉलेजला नावं ठेवायला लागलो! लिफ्ट बंद आहे. लायब्ररीत खुर्च्या कमी आहेत. कॅन्टीनचा चहा पाणचट आहे. हर्षाली लाजेनं मेली. "पप्पा, बस करा ना," असं कानात म्हणत राहिली. मी ऐकतोय कशाला? सरांनी डेव्हलपमेंट फी उतरवली, मी अजून ताणलं, त्यांनी हॉस्टेलची अनामत सोडली. आम्हाला हॉस्टेल नकोच होतं, पण सोडली ते बरं वाटलं.

शेवटी मी म्हणालो, "सर, सगळं सोडा. पोरीला नोकरी लागणार का, ते बोला."

सरांनी माझा हात हातात घेतला. "पाटीलभाई, शंभर टक्के. जबान है मेरी."

जबान! झालं. माझ्यासाठी सौदा पक्का झाला. बँकेनं हर्षालीच्या नावावर शिक्षणाचं कर्ज दिलं, खाली जामीन म्हणून मी सही केली आणि परत येताना आम्ही गाडीवर गरमागरम लोचो खाल्ला. मी बायकोला फोनवर सांगितलं, "कॉलेजची जिरवून आलो." खरं तर विकणारा लवकर 'हो' म्हणायला लागला की ढिगाच्या तळाशी हात घालायचा, हे मला माझ्या धंद्यानं शिकवलं होतं. पण कॉलेजचा तळ कुठं असतो, ते मला माहीत नव्हतं.

चार वर्षं पोरगी मुकाट शिकली. पास झाली. आणि खरंच नोकरी लागली! वेसूकडच्या एका शिक्षण कंपनीत. कंपनीचं छापील पत्र आलं, काचेचं ऑफिस, गळ्यात निळी फीत. मी ते पत्र दुकानात लावलं. कर्जाचे हप्ते सुरू झाले, ते तिच्याच खात्यातून जात होते. ती सकाळी डबा घेऊन जायची, संध्याकाळी दमून यायची. मी विचारायचो, "कसं चाललंय?" ती म्हणायची, "चाललंय." एवढ्यावर माझं पोट भरायचं.

फक्त तिच्या कपड्यांना वास यायचा. मिलचा वास. वाफेचा आणि रंगाचा तो वास मी झोपेतही ओळखतो. पण मला वाटायचं, तो माझ्याच अंगाचा असेल.

आता पलसाण्याची गोष्ट. ही सांगताना माझं अंग अजून गरम होतं.

मिलमधून मनसुखभाईचा फोन आला. मनसुखभाई तिथला मॅनेजर, माझा जुना दोस्त आणि जुना दुश्मन. तो माझ्याशी मोडकं मराठी बोलतो, मी त्याच्याशी मोडकं गुजराती, आणि भाव चढला की दोघंही हिंदीत शिव्या देतो. म्हणाला, "ट्रायलनो माल छे पाटीलभाई. नवी डिझाइन छापून बघितली. शेठ बोलले, काढून टाका."

मी गेलो. फोल्डिंगच्या खोलीत ढीग रचलेला होता. वरचा ताका उलगडला आणि मी तोंड वाकडं करायचं विसरलो.

हिरवा वेल होता. साधी साडी, फिकट हळदी रंगाची, आणि तिच्यावरून वेल चढत गेलेला. पानं, तणावे, आणि मधेमधे लोंबणारी बारीक कारली. हो, कारली! खडबडीत, काटेरी, एखादं पिकून नारिंगी झालेलं, एखादं फुटून आतलं लाल बी दिसणारं. मी तीस वर्षांत आंबे बघितले, मोर बघितले, गुलाब तर टनानं बघितले. साडीवर कारलं बघितलं नव्हतं. मी सांधा शोधायला लागलो. हातभर गेलो, दोन हात गेलो, ताका पालथा केला. सांधा सापडेना! वेल नुसता चढतच होता, कुठं संपतच नव्हता. खालून एक ताका ओढला. तोही तसाच, छाप कुठं सरकलेला नाही.

हा माल विकला जाणार होता. रांगा लागणार होत्या. म्हणजे आता मला भरपूर नावं ठेवणं भाग होतं.

मी तोंड वाकडं केलं. "मनसुखभाई, हे काय आहे?"

"डिझाइन छे."

"डिझाइन? अहो, भाजी मंडई आहे ही! कारली? साडीवर कारली? नवी नवरी कारली नेसून सासरी जाणार का? पहिल्याच दिवशी सासू म्हणेल, कडू निघाली!"

मनसुखभाई कसनुसा हसला. मला चेव चढला.

"रंग तर बघा. काविळीचा पेशंट बरा. आणि हा वेल कुणी काढलाय? ज्यानं काढला त्यानं जन्मात वेल बघितला नसेल. कोण आहे तो? त्याला रंगाच्या पिंपात बुडवा आणि वाळत घाला!"

"नवरी नाही नेसणार," मागून आवाज आला. "नवरीची आई नेसेल."

मी वळलो. दारात हर्षाली उभी होती. हातात रंगांच्या पट्ट्या, गळ्यात मिलचं ओळखपत्र, बोटं हिरवी.

मला आधी काहीच कळलं नाही. मला वाटलं, कंपनीच्या कामाला आली असेल. मग तिची बोटं बघितली, मग तो वेल बघितला, आणि एकदम डोक्यात उजेड पडला. आमच्या गॅलरीच्या जाळीवर बायकोनं कारल्याचा वेल सोडला आहे. रोज त्याच्याखाली मान वाकवून मी चपला घालतो!

"तू इथं?"

"पप्पा, ते मग. आधी माल." ती मागं सरकली नाही. "खरं सांगा. माल कसा आहे?"

मनसुखभाईचे डोळे चमकले. ही पाटीलचीच पोर, हे त्याला तेव्हा कळलं. "हां पाटीलभाई," तो खुर्चीत मागं रेलून म्हणाला, "दीकरी पूछे छे. बोलो ने."

आता माझी पंचाईत बघा. चांगला म्हणालो, तर भाव चढला. वाईट म्हणालो, तर समोर माझी पोर उभी आहे, आणि ती सौद्याचं विचारत नाहीये. चार वर्षं मी सांगितलेलं शिकून, नावावर कर्ज घेऊन, माझ्याशी खोटं बोलून ती या वाफेत उभी होती, आणि तिला एक गोष्ट माझ्या तोंडून ऐकायची होती. मी तिचा बाप आहे की गिऱ्हाईक, ते मला त्या मिनिटाला ठरवायचं होतं.

मी म्हणालो, "चांगला आहे."

"केटलुं चांगला?" मनसुखभाई.

"तुमच्या मिलमधून एवढा चांगला माल मी कधी उचललेला नाही. सांधा सापडत नाही त्याचा! झालं? आता चढवा भाव."

त्यानं चढवला. निर्लज्जपणे चढवला. मी एक पैसाही न ताणता 'घेतला' म्हणालो. खोलीतले घडी घालणारे कामगार हात थांबवून बघायला लागले. पाटील घासाघीस न करता माल घेतोय, हे बघायला लोक तिकीट काढून आले असते.

पण मी काही गाढव नाही. सौदा तोंडातून पडल्याबरोबर मी विचारलं, "मनसुखभाई, पोरगी कुठल्या जागेवर आहे तुमच्याकडे?"

"ट्रेनी छे. हजी शिके छे."

"असं? भाव चढवताना डिझाइन भारी, आणि पगार देताना शिकाऊ? आत्ता तुम्हीच या वेलाची किंमत वाढवलीत. एवढे साक्षीदार आहेत. मग डिझायनरचा पगार..."

"पप्पा, गप्प बसा!" हर्षाली ओरडली. "माझा सौदा माझा."

मी गप्प बसलो. बाजारात मला कुणी गप्प बसवत नाही.

ती टेबलाजवळ गेली. "काका, मला डिझायनरची जागा द्या. पगार तुमच्या इथल्या सगळ्यात नवीन डिझायनरला आहे तेवढाच द्या, जास्त नको. आणि ट्रायलचा माल संपला की हा वेल पहिल्या दर्जाच्या मालावर छापायचा."

मनसुखभाईनं वरचा ताका ओढून एकदा वेल नीट बघितला. मग म्हणाला, "जा, आप्युं. दिलं."

"कागदावर द्या."

मनसुखभाई दुखावला. खरोखरच दुखावला. "बेटा, बजारमां कागळ? तारा पप्पा ने पूछ. इथं जबान चालते."

"तुमची चालत असेल, काका. कॉलेजात मी एवढं एकच शिकले. बोललेलं कागदावर घ्यायचं."

त्यानं शेठला फोन लावला, गुजरातीत बरंच काही पुटपुटला, आणि संध्याकाळच्या आत कागद तयार करून दिला. तोवर मी टेम्पो भरत होतो आणि तेच ताके पुन्हा पुन्हा मोजत होतो. राग होता की आनंद, ते आजही सांगता येत नाही. दोन्ही असावेत.

परत येताना ती माझ्या स्कूटरवर मागं बसली. चलथाणजवळ उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला होता, म्हणून मला विचारायला वेळ मिळाला.

"वेसूची नोकरी?"

"ती नोकरी नव्हतीच, पप्पा."

मग तिनं सांगितलं. ती शिक्षण कंपनी म्हणजे दुसरं काही नाही, त्या कॉलेजचीच फोन करायची खोली. तिला कानाला लावायचं यंत्र दिलं आणि बारावीच्या मुलांच्या आईबापांचे नंबर दिले. फोन करायचा आणि म्हणायचं, मी स्वतः या कॉलेजची विद्यार्थिनी, मला पास होताच नोकरी लागली, तुमच्या मुलालाही लागेल. बघा डोकं! शब्दही खोटा नाही. ज्या नोकरीचं ती सांगत होती, ती नोकरी म्हणजे तेच सांगणं. मी इतकी वर्षं धंद्यात आहे, डाग लपवायच्या सगळ्या घड्या मला येतात. अशी घडी मी बघितली नव्हती.

"मग सोडली कधी?"

"लिंबायतचा एक माणूस होता. मागाचा आवाज येत होता मागं. अहिराणी बोलत होता. मी पण अहिराणीत बोलले, तर त्याला इतकं बरं वाटलं... म्हणाला, 'ताई, तू सांगस ना, मंग टाकस मी पोरले.' मी यंत्र काढून ठेवलं आणि खाली आले."

मी स्कूटर बाजूला घेतली. ऊस भरलेल्या ट्रॉल्या आमच्या शेजारून जात होत्या.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही पत्र दुकानात लावलं होतं."

मी पुन्हा कॉम्प्युटरच्या नोकरीला धाडेन, अशी तिला भीती होती. हप्ता डोक्यावर होता. मिलच्या ट्रेनीच्या पैशांतून तो भरून तिच्या हातात बसभाडं उरायचं. तरी ती पलसाण्याला जात होती, कारण तिथं तिला सांधे लपवायला मिळत होते.

"हप्ता आता मी भरतो," मी म्हणालो. "फसलो मी. सौदा मी केला होता."

"कर्ज माझ्या नावावर आहे. मी भरणार."

"अगं, सगळा मी देतो!"

"सगळा मी देणार!"

"निम्मा तरी?"

"नाही."

आयुष्यभर मी कमी द्यायला भांडलो. त्या दिवशी भर रस्त्यात दोन माणसं जास्त द्यायला भांडत होती, आणि ट्रॉलीवरचा माणूस उसाचं कांडं चघळत आमची मजा बघत होता. शेवटी निम्म्यावर तुटलं. मी आणखी ताणणार होतो, पण ती म्हणाली, "पप्पा, 'दिला' म्हटलं की दिला ना?" आणि पाठीमागून माझ्या खांद्यावर थाप मारली.

घरी बायकोला सांगितलं, तर तिला आधीपासून सगळं माहीत! "मी तिले रोज डबा दी ऱ्हायनू, माले माहीत नही व्हई का?" म्हणाली. म्हणजे घरात फसलेला मी एकटाच होतो.

साड्या दुकानात आल्या आणि जे झालं ते बघायला तुम्ही हवे होतात. मी टेम्पो रिकामा करेपर्यंत बायका जमल्या. मावशीनं पदराचं टोक तोंडात घातलं, चावलं, घासलं. माझा श्वास थांबला. हर्षालीला मी मुद्दाम तिथं उभं केलं होतं, तिचाही थांबला. मावशीनं टोक उजेडात धरलं. मग म्हणाली, "किती साड्या शेत? समद्या बांध." ढीग संपला. पुढच्या आठवड्यात माणसं कारलेवाली साडी मागत दुकान शोधत आली. मिलनं कागदाप्रमाणे तो वेल पहिल्या दर्जाच्या मालावर घेतला, आणि तो माल मला परवडत नाही. माझ्या पोरीची साडी आता मला परवडत नाही! हे वाक्य मी गिऱ्हाइकांना मोठ्यानं ऐकवतो. सध्या ती बाभळीच्या शेंगांवर काम करते आहे. मी तोंड वाकडं करून बघतो. ती ओळखते.

गोष्ट या आनंदावर संपली असती तर मी हा लेख इथंच थांबवला असता.

मी कॉलेजला गेलो. शांतपणे गेलो होतो, देवाशपथ. टायवाल्या सरांनी मला ओळखलं नाही. ओळख दिली तेव्हा म्हणाले, "प्लेसमेंट दिली होती, तुमच्या मुलीनं सोडली. आमच्याकडे नोंद आहे."

"तुम्ही मला शब्द दिला होता."

"कागद आहे का तसा?"

यानंतर मी काय बोललो ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. वॉचमन आला. तो जळगावकडचा निघाला. मला बाहेर नेताना हळूच म्हणाला, "भाऊ, मन्हा भाचा बी आठेच शे." त्याचा भाचाही त्याच कॉलेजात होता.

आणि गेल्या महिन्यात, पलसाण्याच्या वाटेवर, हायवेच्या कडेला एक मोठा बोर्ड लागला. त्या कॉलेजचा. नव्या ॲडमिशनचा. वर चार पोरांचे हसरे फोटो, खाली 'आमच्या यशस्वी विद्यार्थ्यांत तुमचं मूल कधी?' असं लिहिलेलं. डावीकडून दुसरा फोटो हर्षालीचा आहे. गळ्यात त्या फोनच्या खोलीची निळी फीत. ती रोज सकाळी त्याच्याखालून बसनं मिलला जाते. म्हणते, "पप्पा, मी वर बघतच नाही." मी बघतो. त्या रस्त्यानं रोज शेकडो बाप जातात. मागावरचे, मिलमधले, उसाच्या ट्रॉलीवरचे. तेही बघतात. त्यांतला एखादा त्या हसऱ्या पोरीकडे बघून बँकेत सही करायला जाईल.

सर, तुम्हाला मराठी वाचता येत नसेल, तर तुमच्या वॉचमनकडून हे वाचून घ्या. जबानीचा विषय मी सोडला, कारण तुमच्या धंद्यात तिला किंमत नाही, हे मला उशिरा कळलं. पण तो चेहरा माझ्या मुलीचा आहे. तो तिला न विचारता तुम्ही हायवेवर टांगलात. ती तुमची खोली सोडून आली, कारण तिला दुसऱ्याच्या बापाला फसवायचं नव्हतं, आणि आता तुम्ही तिच्याच चेहऱ्यानं तिच्याकडून तेच करून घेत आहात, चोवीस तास, फुकट. कुणाच्या परवानगीनं? या सीझनला तिच्या फोटोकडे बघून किती पोरं घेतलीत? त्यांच्या बापांना कोण उत्तर देणार, ती की तुम्ही?

बोर्ड उतरवा, आणि रिंग रोडला माझ्या दुकानात येऊन उत्तर द्या. माझ्यासमोर नाही, तिच्यासमोर. येताना कागद आणा.